चौथ्या भागातली बाई

या पानावर लोक आपापले भुताखेतांचे अनुभव लिहितात. आमची सूनबाई महादेवी रोज वाचते, आणि भ्याली की मलाबी वाचून दाखवते. मी हसतो. माझं मत सरळ हाय — माणूस दमला, उपाशी राहिला का घाबरला, की त्याला काहीबाही दिसतं. रिकाम्या थिएटरात एकटा राहिलेला माणूस हाय मी. उंदरांशिवाय मला कुणी दिसलं न्हाय. तर हे लिहिताना मला आनंद होत न्हाय, राग येतोय. कुणी समजावून सांगितलं तर बरं, म्हणून लिहितो.

माझं शिक्षण चौथी, तेबी पुरतं न्हाय. वहीत मी लिहिलं, मोबाईलवर महादेवीनं चढवलं. तिला ताकीद दिलीय, माझी भाषा सुधारू नको.

सोलापुरातल्या एका थिएटरात मी एकतीस वर्षं ऑपरेटर व्हतो. नाव लिहीत न्हाय, मालकाची माणसं अजून हायत. नवी पेठेपासून चालत पाच मिनिटांवर व्हतं, आता तितं कपड्याचं कॉम्प्लेक्स झालंय. लोकांना वाटतं ऑपरेटर फुकट पिक्चर बघतो. कुटलं काय... केबिनमध्ये मशीनची घरघर, उजेडासाठी कार्बनची कांडी जळत असायची, तिच्यावर डोळा ठेवावा लागायचा. पडदा दिसायचा तो वीतभर खिडकीतनं. म्हणून मी पिक्चर कानानं बघायचो. पुढच्या वर्गात लाकडी बाकडी व्हती. लोक कंटाळले की बाकडी करकरायची आणि काड्यापेट्या वाजायच्या — ज्याला त्याला बिडी आठवायची. पिक्चरनं धरून ठेवलं की एक काडी वाजायची न्हाय. शुक्रवारी पहिला शो सुटला की मालक जिन्यातनं इचारायचे, मल्लाप्पा, काय म्हणतंय? मी सांगायचो, अकराव्या रिळात काड्या लई. मग त्या रिळातलं कंटाळवाणं गाणं मी ब्लेडनं कापायचो, टोकं चिकटवायचो, आणि शनिवारी हॉल गप्प बसायचा. पिक्चर काढणाऱ्याला हे कळलं असतं तर त्यानं मलाच कापला असता. पण कान सांगंल तसं मी केलं.

आता मुद्दा. माझी नात पल्लवी, महादेवीची पोरगी, पुण्यात एका कंपनीत कार्टून काढायची. जपानी पद्धतीचं — परातीएवढे डोळे, टोकदार हनुवटी, निळे केस. कंपनीनं सहा भागांची एक सिरीज केली, ती ॲपवर आली. एक निळ्या केसांची पोरगी तलवार घेऊन, गावचं पाणी पिऊन टाकणाऱ्या राक्षसाला शोधत फिरते. काढणारे पुष्कळ, त्यातली पल्लवी एक.

आणि लोक तुटून पडले की! डोळे हायत का इडल्या. माझ्या दीड वर्षाच्या पोरानं यापेक्षा बरं काढलं असतं. तलवार उजव्या हातात व्हती, डाव्यात कधी गेली? एकानं तर शेवटी येणाऱ्या नावांचा फोटो काढून त्यावर लाल गोल केले आणि खाली लिहिलं की ह्यांना ओळखून ठेवा, ह्यांच्या हातात परत पेन्सिल देऊ नका. त्यात पल्लवीचं नाव. आडनावासकट.

मे महिन्यात ती बॅग घेऊन घरी आली. दिवसभर मोबाईलवर तेच वाचायची. जेवताना वाचायची. माझ्या पोरानं त्याच्या ओळखीनं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तिला ऑफिसात फोन घ्यायचं काम ठरवलं, सोमवारी हजर व्हायचं. चित्रं काढायची तिची ती करंटवरची पाटी तिनं आल्या दिवशीच खोक्यात घालून वरनं टेप मारलेली. बार्शीची मैत्रीण रविवारी येऊन घेऊन जाणार व्हती. मी म्हणलं, अगं पाटी कशाला देतीस, राहू दे की घरात. तर म्हणाली,

"अज्जा, मी ह्यातनं हात धुतले. परत इचारू नका."

रडली असती तर मी गप्प बसलो असतो. पण ती शांत व्हती. तिसरीत असताना घराच्या भिंती कोळशानं काळ्या करणारी पोरगी ती... मला ते सहन झालं न्हाय. म्हणलं, मी सगळे सहा भाग बघणार, मग बोलणार. ती म्हणाली, तुमी तेवढं नका बघू. म्हणजे बघायलाच पायजे.

बुधवारी दुपारी दोनला बसलो. पोरगा कामावर, महादेवी शेजारी शेवया करायला गेलेली, पल्लवी आतल्या खोलीत तोंडावर ओढणी घेऊन पडलेली. बाहेर ऊन असं की गल्लीत कुत्रं न्हाय. महादेवीनं जाताना रिमोटची बटणं दाखवून ठेवली व्हती.

पहिला भाग बघितला. खोटं कशाला बोलू, वाईट हाय. पोरगी पळती, मागनं तेच झाड तीनदा जातं. तोंड हलतं तवा आवाज न्हाय, आवाज येतो तवा तोंड बंद. बाजारातल्या गर्दीत एकच माणूस सात ठिकाणी उभा. मी त्या लोकांना शिव्या द्यायला बसलो व्हतो, आणि त्यांचंच म्हणणं पटायला लागलं.

तरीबी संध्याकाळी महादेवीला सांगून त्या सिरीजखाली माझ्या नावानं लिहायला लावलं. लिहिलं की आमच्या हॉलमध्येबी लोक शिव्या द्यायचे, पण तिकीट काढून, ढेकणं चावून घेऊन, शेवटपर्यंत बसून द्यायचे. तुमी एक मिनिट बघता आणि पोरीबाळींची नावं गोल करता, तुमी कसले प्रेक्षक? खाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. एकानं लिहिलं, आजोबा, गोळी घेऊन झोपा. पल्लवीला हे कळलं तवा ती माझ्याशी बोलायची बंद झाली. म्हणाली, होती तेवढी अब्रूपण तुमी घालवली.

गुरुवारी दुपारी तरीबी बसलो. दुसरा भाग सुरू झाला आणि पाचएक मिनिटांत बाकडं करकरलं.

मला वाटलं सोफा. उठून उभा राहिलो. परत करकरलं, आता दोन-तीन ठिकाणी. कूलर बंद केला. मग रिमोटवर आवाज बंद करायचं बटण दाबलं. टीव्ही मुका झाला, पोरगी नुसतं तोंड हलवत व्हती... आणि बाकडी चालूच. मग एक काडी ओढल्याचा आवाज. मग दुसरी. मग मागनं, माझ्या उजव्या खांद्याच्या बाजूनं, एक माणूस ओरडला —

"ए मल्लू, झोपलास का रं?"

हा इरण्णा. सूतगिरणीतला. रीळ जरा अंधुक झालं की हा असाच ओरडायचा. त्याला खांदा देऊन मला पंधरा वर्षं झाली असतील.

भ्यालो असं लिहिलं तर तुमाला बरं वाटंल. पण मला भीती न्हाय वाटली, शरम वाटली. माझे हात आपोआप पुढं गेले, भिंग फिरवायला. मशीनवर असताना हॉल ओरडला म्हणजे ती चूक माझी. मी टीव्हीपुढं हात जोडून उभा राहिलो आणि खरंच म्हणलं, थांबा रं, बघतो.

मग मला दुसरं काय सुचणार? जे एकतीस वर्षं केलं तेच केलं. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला खुणा करायला लागलो. बाकडी वाजली तितं फुली. हॉल गप्प झाला तितं गोल. पडद्याखाली मिनिटांचा आकडा येतो, तो शेजारी लिहिला. फुल्याच फुल्या झाल्या. पण अधनंमधनं पाच-सात सेकंद असे यायचे की एक काडी वाजायची न्हाय. एकदा राक्षसाची सावली पिठाच्या चक्कीवर पडते, तितं. एकदा ती पोरगी चप्पल हातात घेऊन चिखलातनं चालती, तितं. त्या दिवशी तीन गोल झाले.

शुक्रवारी उरलेले भाग बघितले. तवाबी हॉल भरलेला. आणि चौथ्या भागात, अकरा मिनिटं झाल्यावर, एक म्हातारी आली. उंबऱ्यात बसलेली, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बिडी वळत व्हती. नुसते हात दिसत व्हते पहिल्यांदा. पान वळलं, अंगठ्यानं दाबलं, दोरा गुंडाळला. मग बोटांना तंबाखू लागलेली म्हणून तिनं मनगटाच्या मागच्या बाजूनं कपाळावरची बट वर सारली. तवा तोंड दिसलं, अर्धं.

हॉलमध्ये श्वास वाजत न्हवता. मग लांब, बाल्कनीच्या खाली, कुणीतरी नाक ओढलं. मी दोन गोल केले, एकात एक.

त्या संध्याकाळी मी कॅलेंडर पल्लवीपुढं ठेवलं. आवाजांचं काय सांगितलं न्हाय. एवढंच म्हणलं की ही सिरीज वाईट हाय, पण एवढ्या नऊ ठिकाणी चांगली हाय. तिनं आधी बघितलंच न्हाय. मग बघितलं. मग लॅपटॉप उघडला आणि एकेक जागा लावून बघायला लागली. बघता बघता तिचा चेहरा उतरला. आठ ठिकाणं झाल्यावर तिनं इचारलं की हे तुमाला कुणी सांगितलं. कारण सहा भागांत तिनं एकटीनं काढलेले तुकडे तेवढेच, आठ. कंपनीतल्या लोकांनाबी ते पाठ न्हवते.

इथपर्यंत मी समजू शकतो. चांगलं काम कानाला कळतं म्हणा, डोळ्याला म्हणा.

मग तिनं दोन गोलांवर बोट ठेवलं, हे नववं कुटलं? म्हणलं, ती बिडी वळणारी.

पल्लवी म्हणाली, असं काही त्यात न्हाय.

मी म्हणलं, हाय. तिनं चौथा भाग लावला. अकरा मिनिटं, बारा मिनिटं... ती निळ्या केसांची पोरगी पळत व्हती आणि तेच झाड तीनदा मागं जात व्हतं. मी परत लावायला सांगितलं. परत तेच. पाचवा लावला, तिसरा लावला. मी त्या ॲपवाल्यांना शिव्या दिल्या, म्हणलं ह्यांनी रातोरात कापलं असंल, मला म्हाईत हाय कसं कापतात ते. महादेवी हळूच म्हणाली, मामा, दुपारची वेळ, डोळा लागला असंल. तिच्यावर एवढा ओरडलो की ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली न्हाय. मशीनवर असताना मी आयुष्यात एकदाबी डुलकी घेतली न्हाय!

ह्या भांडणात पल्लवी उठून आत गेली. खोकं घेऊन आली. नखांनी टेप फाडली, पाटी चालू केली आणि माझ्यापुढं धरली.

दोन हात. सूप. पान वळलेलं, दोरा अर्धा गुंडाळलेला.

ती म्हणाली की हे तिनं चौथ्या भागासाठी काढायला घेतलं व्हतं. तिची आज्जी, म्हणजे माझी गेलेली बायको गंगव्वा, अशीच उंबऱ्यात बसायची, त्यावरनं. पण साहेब म्हणाले, पोरांच्या सिरीजमध्ये बिडी दाखवता येत न्हाय, म्हणून तिनं दोऱ्यापर्यंत येऊन अर्धवट सोडलं. त्या साहेबांनी नुसतं ऐकलं व्हतं, बघितलं न्हवतं. कुणालाच दाखवलं न्हवतं.

मग तिनं इचारलं, "अज्जा, दोरा बांधल्यावर पुढं काय केलं तिनं?"

मी मनगटानं बट सारून दाखवली. तिनं मला ती परत सारायला लावली. तिच्या चित्रात तोंडच न्हवतं, बट कुटली.

हे ऐकून माझा पुतण्या म्हणतो की मी पल्लवीची पाटी कधीतरी चोरून बघितली असंल. मला ती चालूबी करता येत न्हाय, आणि खोक्याला ती आल्यापासून टेप. वर ती बट पाटीतबी न्हवती. कानाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी मळ काढला आणि वयाच्या मानानं कान चांगला हाय म्हणाले. मी चौथा भाग त्यानंतर कितीदा लावला असंल... कूलर बंद करून, आवाज बंद करून. एक बाकडं वाजत न्हाय. इरण्णाला मोठ्यानं हाक मारली, शेजारची बाई दारात आली. हॉल आला का, गेला का, मला कळत न्हाय, आणि न कळलेलं मला चालत न्हाय. तुमच्यातल्या कुणाला ठावं असंल तर लिहा. गोळी घेऊन झोपा, एवढं मात्र लिहू नका.

बार्शीची मैत्रीण रविवारी आली, जेवली आणि रिकाम्या हातानं गेली. सोमवारी पल्लवी चिंचोळीला गेली न्हाय, त्यावरनं पोरगा माझ्यावर चिडून हाय. पल्लवी ती म्हातारी पुरी करतीय. कुणासाठी, कुटं दाखवणार, मी इचारलं न्हाय, तिनं सांगितलं न्हाय. काल तिनं बट सारतानाचा तुकडा मला लावून दाखवला. मी म्हणलं, घाई झाली. तुझी आज्जी एवढ्या घाईत कधीच न्हवती.

तिनं परत केलं. म्हणलं, आता मनगट ताठ झालं.

"अज्जा, तुमी त्या कमेंटवाल्यांपेक्षा वाईट हायसा," ती म्हणाली. पाटी मांडीवर ओढली, सगळं पुसलं, आणि पहिल्या रेघेपासून परत काढायला बसली.