लालासाहेबांची हलकी गाडी

माझे दाजी लालासाहेब आयुष्यात कधी हळू बोलले नाहीत. आष्ट्याच्या शिवेवर त्यांचं उसाचं रान आहे, पण ते सांभाळलं माझ्या आक्कानं, राहीबाईनं. दाजींचा जीव बैलगाडीच्या शर्यतीत. गाडी हाकायचे स्वतः, आणि शर्यतीचा हलका छकडाही स्वतःच बांधायचे. बाकीचे लोक बैलांच्या खुराकावर पाण्यासारखा पैसा ओतायचे. दाजी मात्र रंधा घेऊन छकड्याचं लाकूड तासत बसायचे. "बैल समद्यांचंच पळत्यात, पाव्हणं," ते मला सांगायचे, "आडवं येतंय ते वझं." पुढं गुडघ्यांनी दगा दिला आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांची शर्यत सुटली. मग नुसता आवाज राहिला, आणि तो घरादाराला पुरून उरत होता.

त्यांची एकुलती एक लेक साक्षी सांगलीत ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. नवख्या माणसाच्या शेजारी बसून वेळेवर ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. पण स्वतःच्या हातात स्टिअरिंग आलं की ही पोरगी वेगळीच होते, हे मी मामा म्हणून नाही, गाड्यांत हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो.

वडूजच्या पुढच्या माळावर दर हिवाळ्यात मातीच्या वाटेवर मोटारींची शर्यत होते. एकेक गाडी सोडतात आणि वेळ मोजतात. छोट्या गाड्यांच्या गटात जो पहिला येईल त्याला पुण्याचा एक संघ वर्षभर आपल्या गाडीवर घेतो. वय मात्र पंचविशीच्या आत पाहिजे. साक्षीची ही शेवटची संधी होती. तिनं घरात आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, "आबा, यंदा न्हाई जमलं, तर जन्मभर मी दुसऱ्याच्याच गाडीचं ब्रेक दाबायचं."

दाजी ताटावरून उठले आणि थेट माझ्याकडे आले. मी सैन्यात गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, आता आष्ट्यात गॅरेज चालवतो. गॅरेजमागं एक जुनी मारुती आठशे उभी होती. तिच्यात आमच्या कोंबड्या अंडी घालत. दाजींनी तिच्या टपावर हात ठेवला.

"ही द्या."

"दाजी, हिला पळवायची तर मोठं इंजिन बसवाय लागंल."

"घरच्या दुधाच्या पैशात बसंल?"

"न्हाई."

"मग इंजिनाचं नाव काढू नगा."

प्लग, कार्ब्युरेटर, फिल्टर, जेवढं मला करता येत होतं तेवढं मी केलं. खरं काम दाजींनी काढलं. मागची सीट गेली, दारांची अस्तरं गेली, पायाखालचा गालिचा गेला. गालिच्याखाली आवाज दाबायला डांबराचे पत्रे चिकटवलेले असतात. दुखरे गुडघे मोडून बसून त्यांनी ते पटाशीनं खरवडून काढले. निघालेला प्रत्येक तुकडा हातावर तोलायचे आणि मगच पोत्यात टाकायचे. खिडकी वरखाली करायच्या दांड्यासुद्धा त्यांनी सोडल्या नाहीत. मग गाडी उसाच्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरचा नाथाजी खिडकीतून डोकावून म्हणाला, "लालासाब, ऊस कुठाय?"

"ऊस न्हाई. गाडीच तोल."

नियमाप्रमाणं आत लोखंडी पिंजरा बसवणं भाग होतं, गाडी उलटली तर माणूस वाचावा म्हणून. ते ऐकून दाजींचा चेहरा एवढासा झाला. तासून तासून गाडी हलकी करायची आणि वर लोखंड घालायचं. साक्षी म्हणाली, "आबा, ते माज्यासाठी हाय." मग पिंजऱ्याच्या लोखंडात त्यांनी अजिबात हात आखडला नाही.

एक दिवस गाडी जॅकवर चढवून ते चाक हातानं गरकन फिरवत होते आणि डोळे मिटून ऐकत होते. छकड्याचं चाक ते असंच बघायचे. म्हणाले, "कायतरी धरतंय." मी म्हणालो, तुम्हाला भास होतोय. मग मलाही चैन पडेना. चाक उघडलं तर ब्रेक अगदी जरासा घासत होता. ह्या माणसाची मी जन्मभर थट्टा केली, पण त्या दिवशी मला त्याचा हेवा वाटला.

गाडी घेऊन आम्ही वडूजच्या माळावर गेलो. साक्षी चालवायला, शेजारी दाजी. सरळ वाटेवर ती आठशे अशी सुटली की माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा इंजिनात एवढा जोर होता, आणि आम्ही इतकी वर्षं तो गालिचे आणि गाद्या ओढण्यात घालवत होतो.

पहिल्या वळणावर गाडीचा मागचा भाग फिरला. धूळ बसली तेव्हा गाडीचं तोंड उलटं, माझ्याकडं होतं. दोघांनाही काही लागलं नव्हतं.

बैलगाडीची शर्यत सरळ असते. बैल सुटतात ते नाकासमोर धावतात. दाजींनी आयुष्यभर सरळ धावणारी गाडी बांधली होती आणि मोटारही तशीच बांधली. मागचं सगळं काढून टाकलं, आता वळताना मागची चाकं जमीन धरेनात. ते एका दगडावर बसले. मला टोमणा सुचला होता, पण तो मी गिळला.

"पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "मला वळाण ठावंच न्हाई."

मग त्यांनी एक गोष्ट केली जी मी त्यांना कधी करताना पाहिली नव्हती. ते ऐकायला लागले. साक्षी सांगायची, ह्या वळणावर गाडी अशी सरकते, तिथं अशी ओढते. ते मान खाली घालून ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी काहीतरी हलवायचे. पुढची बॅटरी काढून मागं पक्की बांधली. दोन्ही सीटा खाली, तळाला टेकवल्या. हळूहळू गाडी वळणावर शहाण्यासारखी वागायला लागली.

शर्यतीत गाडीत दोन माणसं लागतात, एक चालवणारं आणि एक पुढचं वळण ओरडून सांगणारं. ती दुसरी जागा दाजींची, हे कुणी ठरवायची गरजच नव्हती. त्यांनी हेल्मेट आणलं आणि ते घालून ते घरात चहा प्यायचे. फक्त शर्यतीआधी ती वाट पायी फिरून पाहावी लागते, आणि गुडघ्यांमुळं ते दाजींना जमेना. मग साक्षीबरोबर आक्का फिरली. भाकरी बांधून मायलेकी सकाळी निघायच्या, आणि आक्का वळणांना नावं देत यायची: बोरीचं, खडकाचं, ताईबाईच्या देवळाचं. साक्षी तेच कागदावर उतरवून दाजींना द्यायची.

शर्यतीच्या दिवशी दोन फेऱ्या होत्या, त्यातली चांगली धरणार होते. पहिल्या फेरीत साक्षी दुसरी आली. पुढं होता साताऱ्याचा विश्वजित, आणि अंतर अगदी थोडं होतं. ती गाडीतून उतरली आणि कुणाकडं न बघता पाणी प्यायला गेली.

दाजी गाडीभोवती फिरायला लागले. आणखी काय काढता येईल ते शोधत होते. मी म्हणालो, "आता काय न्हाई दाजी. काढायला उरलंयच काय?"

त्यांनी हेल्मेट काढलं. "एक वझं ऱ्हायलंय." आणि आपल्या पोटावर हात ठेवला.

पाणी पिऊन परत आलेल्या साक्षीनं ते ऐकलं. "आबा, न्हाई. तुमीच बसायचं."

"कोंबडीच्या पिसाएवढं वझं मी सोडलं न्हाई, आन स्वतः पोत्यागत तुज्या शेजारी बसलोय. सकाळी बोरीच्या वळणाला उशिरा वरडलो मी. तू गप ऱ्हायलीस, पर मला कळलं." मग ते आक्काकडं वळले. "तू बस. वळणं तुजीच हायती."

"आवं, मी?" आक्का म्हणाली. तिची काया म्हणजे वाऱ्यानं उडेल अशी. आयोजकांना विचारलं, त्यांनी होकार दिला. दाजींचा शर्यतीचा पोशाख तिला घातला, बाह्या आणि पाय दुमडून दुमडून. हेल्मेटचा पट्टा दाजींनी आपल्या हातानं आवळला आणि दोनदा ओढून बघितला.

आम्ही दोघं उंचवट्यावर उभे राहिलो. गाडी सुटली. मी सैन्यात मोठमोठ्या गाड्या पाहिल्या, पण असं काही पाहिलं नव्हतं. बोरीच्या वळणावर ती जेमतेम हळू झाली, मागचा भाग जरा सरकला आणि लगेच सरळ झाला. खडक, देऊळ, एकेक वळण ती मागं टाकत गेली. आत माझी आक्का ओरडत होती, जी चारचौघांत कधी मोठ्यानं बोलली नव्हती. दाजींनी माझा खांदा असा धरला होता की पुढं आठवडाभर तो दुखत होता.

सगळ्यांच्या फेऱ्या संपून भोंग्यावर साक्षीचं नाव पहिल्या नंबरावर पुकारलं तेव्हा लोक तिकडं धावले. मीही धावणार होतो, पण दाजी जागचे हलले नाहीत. ते उघड उघड रडत होते.

"दाजी, चला की."

"थांबा जरा," ते म्हणाले. "जन्मभर मी गाडीत बसूनच वरडत आलो, गड्या. गाडी पळताना भाईरनं अशी दिसत्या, हे मला कवा दिसलंच न्हवतं."