आबांचा शड्डू

आमचे आबा पेशाने पहिलवान. खानदेशातल्या यात्रांमध्ये कुस्त्या मारायचे आणि त्या इनामावर आमचं घर चालायचं. पण बायकांनी कुस्त्या बघायची पद्धत नव्हती, त्यामुळे आईने आणि मी त्यांची एकही कुस्ती पाहिली नाही. ते जिंकल्याचं कळायचं ते घरी आल्यावर, फेट्यावरच्या गुलालावरून.

पुढे त्यांचा गुडघा कायमचा गेला. लोक हळहळले. आबा म्हणाले, "गुडघा गया, गळा शे ना!" आणि त्या शाबूत गळ्याच्या जोरावर त्यांनी भजनी मंडळ काढलं.

सोनगीरला भजनांची स्पर्धा होती. भजनाला बायकांना मज्जाव नव्हता, म्हणून आम्ही दोघी गेलो. आबा मंचावर चढले, तिथली धूळ कपाळाला लावली आणि जुन्या सवयीने खणखणीत शड्डू ठोकला! अख्खा मंडप खो खो हसला. माझं डोकंच फिरलं. मग आबांनी पहिली तान घेतली आणि सगळे जागच्या जागी गप्प झाले.

पहिला नंबर आबांचा आला. गुलाल उधळला गेला, या वेळी आमच्या डोळ्यांदेखत. चारचौघांत मान वर न करणारी माझी आई ताठ बसली, आणि पदराआड तिने आपल्याच मांडीवर थाप मारली.