निळ्या पाण्याने धुतलेला पंप

सहादूचा दिवस पहाटे चार वाजता सुरू व्हायचा. दिंडोरीजवळ गोरक्षशेठच्या पॉलिहाऊसवर गुलाबाची तोडणी उजाडायच्या आत आटपावी लागे. त्याची बायको ठमाबाई फुलं तोडायची, सहादू फवारणी करायचा. मी बादल्या वाहायचो.

त्याआधी सहादू द्राक्षबागांत होता. तिथलं एक वळण त्याने सोडलं नाही. काम संपलं की पंप साध्या पाण्याने खळखळून धुवायचा, मग मोरचुदाचं निळं पाणी आत फिरवायचं आणि पंप उलटा टांगायचा. टाकीत बुरसा धरत नाही. बाकीचे फवारणीवाले पंप तसाच बांधावर टाकून घरी जायचे.

दोन हजार तीनच्या थंडीत धुई, म्हणजे दाट धुकं, फार पडलं. गुलाबाच्या कळ्यांवर करडी बुरशी चढली. शेठ सारखं औषध मारायला लावायचा. ठमाबाईच्या हातांना फोड आले. डॉक्टर म्हणाले, औषधाला हात लावू नका, नाही तर काम सोडा. तिला काम सोडायचं नव्हतं. कोणती कळी आज तोडायची, कोणती उद्या, हे तिच्याइतकं तिथे कुणाला कळत नव्हतं.

सहादूने शेतकरी मेळाव्यातून ट्रायकोडर्माचं पाकीट आणलं. हिरवट भुकटी. ही चांगली बुरशी, करड्या बुरशीला जागा देत नाही. गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी फवारायची. औषधात मिसळायची नाही.

शेठ हसला. "बुरशीवर बुरशी? म्हंजी चोराला चोराचीच राखण?"

"एक शेड द्या, शेठ. धुई सरेपर्यंत."

"घे. पण कळ्या गेल्या तर औषध चालू. मग बायकोचं हात दाखवायला यायचं नाय."

त्या शेडमध्ये औषध बंद झालं, ठमाबाई तिथेच तोडणीला लागली. फोड सुकू लागले. ती म्हणायची, "अहो, गुलाबाला एवढा गूळ पाजता, माझ्या चहात तेवढा हात आखडतो व्हय?"

गुळाने पंप चिकट व्हायचा. सहादूने धुण्याची मेहनत वाढवली. निळं पाणी आणखी दाट केलं.

संक्रांतीपर्यंत त्या शेडमधल्याही कळ्या करड्या पडल्या. शेठने शब्द पाळला, औषध सुरू केलं. ठमाबाई पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाऊ लागली.

दोन वर्षांनी दुसऱ्या मेळाव्यात सहादूने कृषी अधिकाऱ्याला विचारलं, माझी बुरशी का लागली नाही? अधिकाऱ्याने पंप कसा धुता ते विचारलं. मग म्हणाला, "मोरचूद बुरशी मारतो, बाबा. चांगली-वाईट बघत नाही."

सहादू तिथून थेट माझ्या ओट्यावर आला. मग म्हणाला, "मीच मारली रे, रोज धुऊन धुऊन. आळशी माणसाचा पंप असता तर जगली असती."

शेठकडे जाऊन उपयोग नव्हता. पॉलिहाऊस मोडून त्याने द्राक्षं लावली होती.

सहादूने मजुरीतून मागे टाकत शेवटी एक नवा पंप घेतला. दारात गुलाबाची चार झाडं लावली. ठमाबाई म्हणाली, "आता कुणासाठी?" ती त्या झाडांची फुलं तोडत नाही. सहादू संध्याकाळी ट्रायकोडर्मा फवारतो, पंप साध्या पाण्याने धुतो. टाकीच्या तळाशी गुळाचा बुरसा धरलाय. तो तसाच राहू देतो.