मास्तरनं सायकलवर पाणी बांधलं

फोन देवरावच्या जावयाचा, तेलंगणातल्या मंचेरियलहून. "मावसाजी, मामाजी गेले." माझा साडभाऊ देवराव मास्तर लेकीच्या घरी मेला, हे ऐकून मला आधी हसूच आलं. रडणं मागून आलं... इकडं शोकसभेत त्याच्या जुन्या मास्तरलोकांनी त्याला 'सायकलयात्री' करून टाकलं. यात्री म्हणे! ती यात्रा मी सोबत केली आहे. दुसरीपर्यंतच शिकलो मी, पण डोळे फुटले नव्हते माझे.

रिटायर झाल्यावर त्याला लहर आली, लेकीकडं सायकलनं जायचं, मुक्काम करत करत. बसगाड्या काय मेल्या होत्या? बरं, जायचं तर उठून जावं. हा महिनाभर सामानच बांधत बसला. तांदूळ, पीठ, चटणी, स्टोव्ह, तवा, आणि मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन. कापसाचे बोजे बांधायची माझी दोरी नेली आणि गाठ मारली ती बुटाच्या नाडीसारखी.

मी म्हणलं, "काऊन रे, लेक उपाशी ठेवते का तुले?"

"लेकीले लेकरू होत नाई तवर बापानं तिच्या घरचं पानी पेऊ नाई, साडभाऊ. आपली रीत आहे."

जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं या माणसानं! त्याच्या लेकीच्या, सुमनच्या लग्नाला कैक वर्षं झाली, लेकरू नाही. म्हणजे हा त्या पोरीच्या दारात तिचंच दुखणं कॅनमध्ये भरून नेणार, वरून सायकल मारत.

वाटेतल्या इचोड्याच्या अलीकडंच सायकल उलार झाली, पुढचं चाक हवेत. ढाब्यावरचे ट्रकवाले हसले, "चाचा, घर उठाके भागे क्या?" मी पीठ, तांदूळ, स्टोव्ह सगळं ढाबेवाल्याला देऊन टाकलं. कॅनला हात लावला तर मास्तर अंगावर आला. "पान्याले हात लावशीन तर इथूनच वापस जाईन!" मग पुढचा सारा चढ तो सायकल ओढतोय आणि मी माझी सायकल एका हाती धरून मागून शिव्या देत ढकलतोय... ही यात्रा.

सुमन दारात तांब्या घेऊन उभी होती. त्यानं पाय धुतले, ओसरीवर बसला आणि कॅनमधलं उन्हानं तापलेलं, प्लास्टिकचा वास मारणारं पाणी प्याला. प्यायच्या पाण्याचा तांब्या पुढं करून पोरगी म्हणाली, "बाबा, फिल्टरचं आहे हो." एवढंच. जसं काही स्वच्छतेसाठीच अडलं होतं. मी तिच्या हातचा तांब्या घेतला आणि मास्तरच्या तोंडापुढं गटागटा रिकामा केला. तहान नव्हती मला.

बायको गेल्यावर तो अंथरुणाला खिळला, तेव्हा जावयानंच गाडी करून त्याला मंचेरियलला नेला. मी भेटायला गेलो तर सुमन चमच्यानं पाणी पाजून राह्यली होती.

"आता कुठं गेली रे तुही रीत?" मी विचारलं. त्याची वाचा गेली होती. सुमननं चमचा मागं घेतला, तसं त्यानं पुन्हा तोंड उघडलं. एवढंच तर करायचं होतं, मास्तर. तोंड उघडायचं होतं.

परवा गेलो तर त्याची खाट तशीच, आणि उशाशी स्टुलावर भरलेला पेला, वर चमचा आडवा. म्हणलं, हे कोणाले?

"रोज भरते मी," सुमन म्हणाली. "बाबाचं लय वर्षांचं पेयाचं राह्यलं न, मावसाजी."

बाप येडा, लेक त्याहून येडी. चांगली झापणार होतो तिला. पंख्यानं पाण्यात धूळ पडत होती... मी पेल्यावर बशी झाकली आणि बाहेर येऊन बसलो.