दाभोशाच्या धबधब्यावरची वही

तुमची-माझी ओळख नाही, हे बरं आहे. ओळखीच्या माणसाला हे सांगायची माझी छाती झाली नाही — गेली चार वर्षं. बायकोला नाही, स्टाफरूममध्ये शेजारी बसणाऱ्या गणिताच्या सरांना नाही, कुणालाच नाही. सांगून टाकलं की मन हलकं होतं म्हणे. मला ते हलकं करायचं नाही. एकदा फक्त, खोटं न मिसळता, सगळं बोलून बघायचंय. जमेल का? सवय नाही.

मी जव्हारला एका हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवतो. अठरा वर्षं झाली. जामसरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला नोकरदार, त्यामुळे गावात मला 'इंग्लिशचे सर' म्हणतात आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. बँकेचं पत्र असो की औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, इंग्रजी कागद आला की माझ्याकडे येतो. मी चष्मा पुसतो, कागद लांब धरतो आणि अंदाजाने काहीतरी ठोकून देतो.

कारण मला इंग्रजी येत नाही. थांबा, ही कबुली नव्हे. एवढ्याचं मला काही वाटत नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत — गाईडवर पास झालेले, गाईडवरच शिकवणारे. एक ओळ इंग्रजी वाचायची, एक ओळ मराठीत सांगायची, तास संपतो. समोर बसलेल्या पोरांची घरची बोली वेगळी, मराठीच त्यांना शाळेत येऊन शिकावी लागते. त्यांना कुठे कळणार सरांचं इंग्रजी कसं आहे ते? असा माझा हिशोब होता. आणि तो अनेक वर्षं बरोबर ठरला, हे आणखी वाईट.

शिकवता येत नसलं की उपक्रम करायचे, हे मी फार लवकर शिकलो. दर गुरुवारी आमच्याकडे 'इंग्लिश डे'. त्या दिवशी मुलं सकाळी गुड मॉर्निंग म्हणतात आणि शाळा सुटेपर्यंत गप्प बसतात. एकदा पुठ्ठ्याचा 'शब्दवृक्ष' केला — पानं मी कापली, शब्द मी लिहिले, मुलांना शेजारी उभं करून फोटो काढला. फोटो शिक्षकांच्या ग्रुपवर. खाली अंगठे, जोडलेले हात, गुलाबाची फुलं. मग एका कार्यक्रमात शाल आणि नारळ. ज्यांनी दिली त्यांनी झाड पाहिलं नव्हतं. मी शाल घेऊन घरी आलो आणि आरशासमोर ती खांद्यावर टाकून बघितली. हसू येतंय ना? येऊ दे.

त्या वर्षी प्रशिक्षणात सांगितलं होतं, नववीच्या मुलांकडून 'खरा' प्रकल्प करून घ्या. बाहेरच्या माणसांशी इंग्रजीत बोला आणि ते स्वतःच्या शब्दांत लिहा. मी वर्गात ते वाचून दाखवलं. कुणी करणार नाही याची मला खात्री होती. आमच्याकडे प्रकल्प करत नाहीत, आणतात. एसटी स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार फाईल मिळते — चकचकीत पेनाची नक्षी, इंटरनेटवरचा मजकूर, शेवटी आभार. तुम्ही फक्त नाव घालायचं. चाळीस मुलं, चाळीस फाईली, सगळ्यांत तोच मजकूर. मी सगळ्यांवर सही करतो. वाचायचं काय त्यात?

पण त्यातून एक प्रकल्प निवडायचा होता. ज्या मुलीचा किंवा मुलाचा निवडला जाईल, त्याला पालघरला आठ दिवसांचं इंग्रजी शिबिर. राहायचं, जेवायचं तिथेच. वनिता नावाची एक मुलगी होती माझ्या वर्गात, दाभोशाजवळच्या पाड्यावरून जीपने यायची. तिने मला त्या शिबिराबद्दल तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तर मधल्या सुट्टीत, स्टाफरूमच्या दारात उभी राहून. "सर, तिथं खरंच दिवसभर इंग्लिशच बोलायचा काय?" मी म्हटलं, हो. तिचा चेहरा असा फुलला, जणू मी पंगतीत तिला दुसऱ्यांदा श्रीखंड वाढलं. मला ते आवडलं नाही. का आवडलं नाही? — कारण आयुष्यात मला कधी कुठल्याही भाषेची एवढी भूक लागली नव्हती.

आता येतो त्या रविवारावर. मघापासून आडवळणं घेतोय, तुमच्या लक्षात आलं असेलच.

कल्याणहून मेहुणे आले होते. त्यांना दाभोशाचा धबधबा दाखवायला नेलं. ते सगळे पायऱ्या उतरून खाली गेले, मी गुडघ्यांचं निमित्त करून वरच थांबलो. तिथे कठड्याजवळ वनिता दिसली. हातात वही, कानामागे पेन. एका गोऱ्या म्हाताऱ्या बाईशी बोलत होती. बाईंबरोबर मुंबईचा एक तरुण होता. वनिता विचारत होती, बाई सांगत होत्या, आणि वनिता उभ्या उभ्या वहीत लिहीत होती. वाक्यं मोडकी होती, पण बाईंना ती कळत होती. बाई हसत होत्या. मी मागे सरकायच्या आत तिने मला पाहिलं. आणि आनंदाने ओरडली, "दिस इज माय इंग्लिश टीचर!"

बाई हात पुढे करून माझ्याकडे आल्या आणि बोलायला लागल्या. भरभर, प्रेमाने, बरंच काही. त्यातला एक शब्द मला कळला असेल. त्या थांबल्या. उत्तराची वाट बघत होत्या. तो तरुणही बघत होता. वनिता बघत होती — अशी, की आता सर बोलतील.

मी मराठीत म्हटलं, "नाही नाही, मी शिक्षक नाही. मी फिरायला आलोय." आणि वनिताकडे वळून म्हटलं, "कोण गं तू?"

पंधरा वर्षांची मुलगी. दोन वर्षं माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसलेली. तिने क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे वळली आणि म्हणाली, "सॉरी. माय मिस्टेक." आणि मला पाठ करून पुढचा प्रश्न विचारायला लागली.

तुम्हाला वाटेल, हीच ती कबुली. नाही. एवढं भित्रेपण माझ्याकडे नेहमीच होतं.

सोमवारी तिने वही दिली. मी ती तासाआधी स्टाफरूममध्ये वाचली — पहिल्यांदाच एखादा प्रकल्प वाचला. वीस-बावीस माणसांशी ती बोलली होती. तुमच्या घरी पाणी कोण भरतं, हा प्रश्न प्रत्येकाला. एकाने सांगितलं होतं, नळाला आपोआप येतं. खाली तिने स्वतःचं लिहिलं होतं की आमच्याकडे आपोआप फक्त पाऊस येतो. वसईच्या एका आजोबांनी सांगितलं होतं की बायकोला इथं यायचं होतं, ती गेली, म्हणून मी आलो. ते लिहून तिने अर्धं पान कोरं सोडलं होतं. मला शब्द अडत होते, तरी मी शेवटपर्यंत वाचलं. वही चांगली होती. वही फार चांगली होती.

आणि नियम असा होता की निवडलेल्या विद्यार्थ्याबरोबर त्याच्या शिक्षकानेही पालघरला मुलाखतीला बसायचं. इंग्रजीत. दुकानातली फाईल असली की प्रश्नही ठरलेले, उत्तरं पाठ करता येतात; या वहीवर काय विचारतील याचा नेम नव्हता.

मी वर्गात गेलो. वही दोन बोटांत धरून वर केली, ओली चिंधी धरतात तशी. म्हटलं, हे बघा, आपल्या वनिताबाईंनी काय केलंय. एक वाक्य नाकातल्या आवाजात वाचून दाखवलं. वर्ग हसला, सर हसले की वर्ग हसतोच. मग विचारलं, कुणी लिहून दिलं?

"मीच लिवलाय सर."

"खरं सांग. धबधब्यावरच्या पाहुण्यांकडून लिहून घेतलंस ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला एकच वाक्य बोलायचं होतं — सर, तुम्हीच बघितलात मला लिहिताना. चाळीस मुलांसमोर. मी खडूच्या डबीवर हात ठेवून त्या वाक्याची वाट बघत होतो. एवढी भीती मला कुठल्याच साहेबाची वाटलेली नाही.

"हो सर," ती म्हणाली. "त्यांनीच लिवून दिला."

मी लाल पेनने पहिल्या पानावर 'नक्कल' लिहिलं आणि वही तिच्या बाकावर टाकली. बाकीच्या एकोणचाळीस नकलांवर माझी सही होती. त्या वर्गातल्या एकमेव खऱ्या वहीवर मी तो शब्द लिहिला. शिबिराला एका क्लार्कच्या मुलीची फाईल पाठवली. मुलाखतीची प्रश्नोत्तरं आम्ही दोघांनी पाठ केली होती, आणि तिथेही सगळे पाठ करूनच आले होते.

ती खोटं का बोलली? मला वाचवलं, की मी भांडण्याच्याही लायकीचा वाटलो नाही? पहिलं असेल तर मला लाज वाटते. दुसरं असेल तर तिची पारख बरोबर होती.

त्यानंतर तिने वर्गात हात वर केला नाही. दहावीला तिला मी तोंडी परीक्षेचे वीसपैकी वीस दिले, परीक्षा न घेता. पुढे ती भिवंडीकडे गोडाऊनमध्ये पॅकिंगच्या कामाला लागली. शिबिराला गेली असती तर असं काय मोठं झालं असतं? — हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा घातलाय की तो गुळगुळीत झालाय. उत्तर मी एकदाही दिलेलं नाही.

यंदा तिची धाकटी बहीण जयश्री नववीत आहे. मागच्या आठवड्यात प्रकल्प जमा केले. तिची फाईल आली — झेरॉक्सवाल्याचीच, तीच चकचकीत नक्षी. मी चाळीस जणांत फक्त तिलाच विचारलं, का ते मलाही ठाऊक नाही, की तू स्वतः काही लिहिलं नाहीस का?

"नाय सर," ती मोकळेपणाने म्हणाली. "ताईनंच हा आणून दिला. ताई बोलली, सरांना दुकानातलाच दे. स्वतः लिवलेला दिला तर सर घाबरतात."

वर्गाला काही कळलं नाही. मी फाईल न उघडता वर 'अ' श्रेणी लिहिली, सही केली, आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.