दारावरचा कडुलिंब

किश्शांची आमच्या घरात उतरंडच झाली होती. एक काढावा तर खालून दुसरा डोकावायचा! निजामाच्या राज्यात माझे बाबा गावोगाव लेकरांना देवी काढत फिरत, म्हणजे देवीचा रोग होऊ नये म्हणून दंडावर लस टोचत. ते डॉक्टर नव्हते, पण सगळे ‘डाक्टरसाब’च म्हणायचे.

शिरड शहापूरला एका आजीनं नातवाच्या दंडावरचा वण दाखवला. “गणपत. झालंय त्याचं.” बाबा पुढच्या आळीत गेले, तर तेच पोरगं दुसऱ्याच बाईच्या कडेवर, तोच वण पुढं करून!

“अहो, हा तर मघाशी गणपत होता!”

“तिथं गणपत, हितं रामा. जावा आता डाक्टरसाब, ऊन झालं!”

*

डोंगरकड्याला कापडवाल्या चाचांच्या बीबीनं नातवाला गठ्ठ्यांमागं लपवलं. हुकूम सक्तीचा, पाटील दारात उभा. चाचा वैतागले, “पहले मेरे को टोचो!” आणि बाही वर करून बसले. टोचल्यावर मात्र असे ओरडले, की नातू हसत बाहेर आला!

बीबीनं तेवढ्यात विचारलं, “अपने बच्चे को देवी निकाले क्या, डाक्टरसाब?”

बाबा पेटी आवरायला लागले.

*

कारण माझ्या धाकट्या भावाला, बाळूला, देवी काढल्याच नव्हत्या. मावशीचं लेकरू टोचल्यावर तापानं फणफणलं होतं, तेव्हापासून आईनं धसका घेतला होता. “हुकूम गावाला दाखवा. हे लेकरू माझं हाय!” गावोगावच्या आयांना समजावणारा माणूस घरी येता-जाता नुसता बाळूच्या कपाळाला हात लावून बघायचा.

*

एका गावात तर गल्लीभर दारांवर कडुलिंबाचे डहाळे! ज्या घरात देवी आल्या, तिथं डहाळा लावायचा, फोडणी द्यायची नाही, परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही. एवढी घरं बघून बाबा गल्लीतच थबकले. इतक्यात लसणाच्या फोडणीचा ठसका लागला.

“काय वं बाई, घरात देवी अन् फोडणी?”

आतून आवाज आला, “सासूबाईला म्हणलं व्हतं, आज पिठलं नका करू म्हणून!”

या किश्शाला सगळ्यात जास्त आई हसायची.

*

मग एका उन्हाळ्यात आमच्या हिंगोलीतच साथ आली. शेजारच्या आळीत लेकरं दगावली, देवी काढणारे सक्तीनं घरोघर फिरायला लागले. बाबा दौऱ्यावरून परतत होते, मला शाळेतून येताना कोपऱ्यावर भेटले. बघतो तर आमच्याच दारावर डहाळा!

बाबांनी माझा हात असा दाबला, की बांगडी रुतली. दारात उभे राहून ते नुसते वास घेत होते. कसलाच वास नव्हता.

मग आतून चर्र झालं. लसूण!

बाबा उंबऱ्यावरच बसले. आई पळी घेऊनच बाहेर आली. तिनं त्यांचं तोंड पाहिलं. डहाळा स्वतःच ओढून काढला, आत गेली, आणि बाळूला घेऊन आली.

त्याची बाही वर केलेली होती.