कानिफाच्या अजगराचा रांजण

काष्टीच्या कानिफनाथ गारुड्याला अभिमान दोनच गोष्टींचा. एक मिशांचा, दुसरा अजगराचा. नाग काय, कुणाच्याही टोपलीत निघतो. पण बाजारच्या दिवशी हा मांडीएवढं धूड गळ्यात घालून उभा राहिला, की भाजीवालेसुद्धा तराजू खाली ठेवायचे. त्या गर्दीवरच घरातली चूल पेटायची.

पण अजगर पडला भंडारदऱ्याच्या ओल्या रानातला. बहात्तरचा हिवाळा असा कोरडा, की बोलताना ओठ फुटावेत. त्याची कात निघेना. डोळ्यांवर जुनं कातडं चिकटलं. आंधळं जनावर खाईना की हलेना. कानिफानं टोपली चुलीशेजारी ठेवून पाहिली. ऊब मिळाली, पण कात आणखीच करकरीत झाली.

मग त्यानं चुलीमागं खड्डा खणून मोठा रांजण आडवा पुरला. बूड चुलीकडं, ते कोमट. तोंडाकडं ओली वाळू, वर भिजवलेलं गोणपाट. ऊब हवी तर आत सरक बाबा, ओल हवी तर बाहेर ये! वाळू हाताला गार लागली पाहिजे, पण मुठीत दाबली तर पाणी गळता कामा नये.

टँकरच्या पाण्यातला तांब्या रोज तिकडं जायचा. बायको झुंबरबाई करवादायची, "लेकरं पानी पानी करत्यात, आन् हितं सापाची न्हानी!"

शेजारचा कारभारी कुडावरून डोकवायचा. "कानिफा, जावई आलाय जनू! उटनं पन लाव की!"

"हस लेका. ह्यो मेला तर पोरंबाळं घिऊन तुझ्याच दारात बसंन."

आणि एका सकाळी कात निघाली, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट, अखंड! कानिफानं ती गल्लीभर नाचवली. "देवाला दिसाया लागलं! देवाला दिसाया लागलं!"

सोमवती अमावास्येला तो बहिणीकडं श्रीगोंद्याला गेला. इकडं केशरबाई पाटलीण आरती घेऊन दारात, मागं अर्धी आळी. पोरांच्या चहाला नसलेलं दूध देवासाठी कुठून निघालं कुणास ठाऊक. प्रत्येकीनं रांजणात ओतलं, वर हळदकुंकू टाकलं आणि झुंबरबाईच्या पदरात ज्वारी घातली.

आठवड्यानं कानिफा परतला तेव्हा वास अंगणातच आला. उबेनं दूध नासलं होतं, वाळू सडली होती, अजगराच्या पोटाची खवलं सोलून निघाली होती. त्याचा जीव कधीच गेला होता.

"आडवलं का न्हाईस?"

"आडवून जवारी मिळाली असती व्हय?" झुंबरबाई चुलीकडं तोंड करून म्हणाली. "आन् देव हाय, देव हाय, म्हून गल्लीभर कोन नाचलं?"

तेवढ्यात केशरबाई डोळे पुसत आली. "कानिफा, आमच्या मळ्यात पुरू. वर ओटा बांधू."

"बांधा पाटलीनबाई. दुधाला कमी पडू दिऊ नगा."

तिला ते पटलं. मान हलवून गेली.

झुंबरबाईनं त्या ज्वारीची भाकरी थापली. पोरं तुटून पडली. कानिफा उष्ट्या हातांच्या त्या घाईकडं बघत राहिला, मग त्यानंही एक चतकोर ओढून घेतली.